नववी-दहावीच्या पोरांची झोप रुळावर आणायचीय? मग सुरुवात रात्रीपासून करू नका

मी सकाळच्या सत्रात नववी-दहावीला गणित शिकवते. दुसरा तास पावणेआठचा. मागे एकदा एका मुलाची वही बघितली, प्रमेयाच्या पहिल्या दोन ओळी एकदम सुबक, तिसऱ्या ओळीत "म्हणून कोन" इथपर्यंत अक्षर ठीक आणि तिथून पेनाची रेघ जी घसरलीय ती थेट पानाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. लिहिता लिहिता झोपला होता बिचारा. पालकसभेत त्याची आई म्हणाली, मॅडम आम्ही तर साडेनऊलाच लाईट बंद करतो हो.

तर गडबड इथेच आहे. जवळपास सगळे पालक "आजपासून साडेनऊला झोपायचं" इथून सुरुवात करतात आणि चार दिवसात सोडून देतात. मी स्वतः माझ्या मुलाच्या बाबतीत हेच केलं, फोन काढून घेतला, लाईट बंद, आणि तो पावणेएकपर्यंत छताकडे बघत पडून राहिला, तिसऱ्या रात्री कपाटातला जुना फोन शोधून काढला ते वेगळंच. चूक त्याची नव्हती. वयात येताना शरीराचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं, झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे दहा वर्षांचा असताना नऊला पेंगणारा पोरगा पंधराव्या वर्षी अकराला टक्क जागा असतो. आणि अजून एक, रोजच्या झोपेच्या वेळेच्या आधीचे दोन-तीन तास मेंदू उलट जास्त तरतरीत असतो. म्हणजे जो रोज साडेबाराला झोपतो त्याला साडेनऊला आडवं करणं म्हणजे दिवसातल्या सगळ्यात जाग्या वेळेला झोप म्हणणं.

म्हणून क्रम उलटा: आधी सकाळ, मग दुपार, मग संध्याकाळ, आणि झोपायची वेळ सगळ्यात शेवटी. साधारण चार-पाच आठवडे धरा.

## १. पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा

कालनिर्णय भिंतीवर असतंच, त्याच तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहा: किती वाजता आडवा झाला, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वाजता उठला, आपोआप की हाका मारून, दुपारी किती झोपला, शेवटचा चहा-कॉफी किती वाजता. मुलानेच लिहायचं, तुम्ही नाही. तुम्ही लिहिलंत की ती पाळत होते आणि मग खोटे आकडे यायला लागतात.

खबरदारी: या आठवड्यात टोमणे बंद. "बघ, काल पण एक वाजला" असं एकदा जरी बोललात तरी नोंद बिघडली म्हणून समजा.

## २. हिशोब मांडा

१३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. आता माझ्या वर्गातलं अगदी नेहमीचं उदाहरण घ्या. सहा रात्री १२:४० ते ६, म्हणजे ५ तास २० मिनिटं, सहा रात्रींचे झाले ३२ तास. शनिवारी रात्री दीडला झोपून रविवारी ११ ला उठला, ते साडेनऊ. एकूण साडेएकेचाळीस. रोज निदान आठ म्हटलं तरी आठवड्याचे ५६ हवेत, म्हणजे साडेचौदा तास कमी. रविवारी उशिरा उठून "भरपाई झाली" म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावंच.

मग शाळेच्या वेळेवरून उलटं मोजा. शाळा ७:१० ची, उठायचं पावणेसहाला, तर आठ तासांसाठी पावणेदहाला झोप लागलेली हवी. पण क्लासच साडेआठला सुटतो, घरी यायला नऊ, जेवण, गृहपाठ... बऱ्याच घरात हे जमत नाही, मला माहितीये. सव्वादहा जमत असेल तर सव्वादहा धरा, साडेसात तास होतील आणि उरलेलं थोडं दुपारी. पाच तास वीस मिनिटांवरून साडेसातवर येणं ही काही छोटी गोष्ट नाहीये.

(२०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं. चांगलंच केलं, पण घड्याळ पुढे सरकतं ते सातवी-आठवीनंतर, आणि ही मोठी मुलं राहिली सातच्याच शाळेत. असो.)

## ३. उठायची वेळ पक्की करा

शाळा चालू असेल तर ही वेळ ठरलेलीच आहे, फक्त ती सातही दिवस तीच ठेवायची. रविवारी जास्तीत जास्त एक तास सूट. पावणेसहाचा पावणेसात, बास.

दुपारच्या शाळेवाल्यांची गंमत वेगळी. सोमवार ते शुक्रवार साडेबाराची शाळा म्हणून पोरगं नऊला उठतं आणि शनिवारी सकाळची शाळा म्हणून एकदम पावणेसहाला. शनिवारी वर्गात ही मुलं कशी दिसतात ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. यांनी रोजची वेळ सात ठेवावी, मग शनिवारी सव्वा तासाचाच फरक पडतो आणि वर सकाळचे तीन-चार तास अभ्यासाला मिळतात, रात्री बारापर्यंत बसायचं कारणच उरत नाही.

सुट्टीत बिघडलेली झोप असेल तर मात्र एका दिवसात ओढू नका. मे महिन्यात साडेदहाला उठणाऱ्याला शाळा उघडायच्या दिवशी सहाला उठवणं म्हणजे साडेचार तासांची उडी. दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे या, नऊ टप्पे, अठरा दिवस. शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात (विदर्भात थोड्या उशिरा), म्हणजे २७-२८ मेलाच सुरुवात हवी.

खबरदारी: साडेदहाला उठणाऱ्याला पहिल्याच दिवशी पाच-सहाला उठवून उन्हात उभं करू नका. त्याच्या शरीराच्या हिशोबाने ती अजून मध्यरात्रच असते, आणि त्या वेळेचा उजेड घड्याळ अलीकडे आणायच्या ऐवजी अजून पुढे ढकलू शकतो. हळूहळू या म्हणतेय ते यासाठी.

तपासा: अलार्म एकदाच वाजतो का? पाच-पाच मिनिटांचे सहा अलार्म लावलेत तर शेवटच्या अर्ध्या तासाची झोप नुसती फाटकी होते. एकच अलार्म, आणि घड्याळ हात पोचणार नाही इतकं लांब.

## ४. उठल्यावर उजेड, आणि तो बाहेरचा

या पायरीला कुणी भावच देत नाही आणि खरं काम हीच करते. डोळ्यात सकाळचा उजेड गेला की शरीराचं घड्याळ तिथून मोजायला लागतं आणि रात्री झोपही अलीकडे येते. घरातल्या ट्यूबलाईटने ते होत नाही, खोलीत दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतो, बाहेर ढगाळ सकाळी सुद्धा हजारांत.

करायचं काय तर उठल्यापासून तासाभरात २०-३० मिनिटं बाहेर. गच्ची, गॅलरी, अंगण, चालत शाळेत, सायकल, काहीही. दूध आणायला पाठवा, सगळ्यात सोपं. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर डोळे मिटून बसणं यात धरू नका.

डिसेंबर-जानेवारीत मुंबई-पुण्याकडे सूर्यच सातच्या आसपास उगवतो, सकाळच्या शाळेची मुलं अंधारातच घर सोडतात. त्यांनी मधल्या सुट्टीत डबा वर्गात न खाता मैदानावर खायचा. आमच्याकडे काही मुलांनी हे केलं, मैत्रिणी पण बरोबर आल्या, त्यामुळे टिकलं.

## ५. दुपार: खरी चोरी इथे होते

सकाळच्या शाळेतल्या मुलांचं चक्र सांगते, तुमच्या घरी असंच असेल तर बघा. एकला घरी, वरण-भात, दोनला पंख्याखाली आडवा, पाचला उठला तोंड सुजवून, सहाला क्लास, तिथे तरतरी यावी म्हणून टपरीवर कटिंग, साडेआठला सुटला, रात्री साडेबारापर्यंत झोप नाही, सकाळी पावणेसहाला उठवला, एकला घरी... आई म्हणते रात्री झोपत नाही, अहो तो दुपारी तीन तास झोपलाय. झोपेची ओढ दिवसभर साचत जाते आणि रात्री कामी येते, ती दुपारीच खर्च झाली तर रात्रीला काय उरणार?

दुपारची झोप पूर्ण बंद करायची नाही. २० ते २५ मिनिटं, अलार्म लावून, चारच्या आत. खोलीत पूर्ण अंधार नको, बेडवर नको, सतरंजीवर किंवा खुर्चीत मान टेकून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की गाढ झोप लागते आणि त्यातून उठवलं की डोकं जड, चिडचिड.

पहिले चार-पाच दिवस पोरगं भयंकर कुरकुर करेल आणि संध्याकाळी सातला पेंगेल. पेंगू द्या, झोपू देऊ नका, क्लास नसेल तर खाली पाठवा खेळायला. याच दिवसात बहुतेक आयांचं मन द्रवतं.

चहाबद्दल: कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाचा कटिंग अकरा वाजता अर्धा अंगात असतो. कोल्ड कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक सगळं त्यातच आलं, आणि एनर्जी ड्रिंक तर या वयाला नकोच. शेवटचा चहा दुपारी दोनच्या आधी.

तपासा: या टप्प्याला आठ दिवस झाले की कालनिर्णयवर बघा, झोप लागायची वेळ आपोआप अर्धा-पाऊण तास अलीकडे आलेली दिसते. दिसली नाही तर पुढे जाऊ नका, दुपारची झोप किंवा चहा कुठेतरी लपून चालू आहे.

## ६. संध्याकाळचा क्रम बदला

वेळ वाढवता येत नाही, क्रम बदलता येतो. बहुतेक मुलं क्लासवरून आली की आधी फोन, मग जेवण, मग साडेदहाला आठवतं उद्याचं सायन्सचं जर्नल राहिलंय. उलटं करा:

- क्लासच्या आधी, म्हणजे साडेचार ते सहा, सगळ्यात अवघड काम. गणित, जर्नल, लिहायचं जे असेल ते.
- घरी आल्या आल्या जेवण. जेवण आणि झोप यात तास-दीड तास तरी हवा, सगळ्यांनी सिरीयल संपल्यावर दहाला बसायची पद्धत असेल तर पोराचं ताट आधी वाढा.
- जेवणानंतर फक्त हलकं, म्हणजे वाचन, उद्याचं दप्तर, डब्याला काय हवं ते सांगणं.
- झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ. अंघोळीनंतर अंग गार व्हायला लागतं, आणि झोप यायला शरीराचं तापमान थोडं उतरावंच लागतं. उन्हाळ्यात पोरं गार पाण्याचा हट्ट करतात, कोमटच द्या.

वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना "शांत अंधारी खोली" वगैरे सल्ले वाचून हसू येतं, मलाही येतं, मी पण तशाच घरात वाढले. तिथे एवढं करता येतं: दहानंतर मोठी ट्यूब बंद आणि झिरोचा पिवळा बल्ब, टीव्हीचा आवाज कमी आणि पोराचं डोकं टीव्हीच्या विरुद्ध बाजूला, डोळ्यावर ओढणीची घडी. आणि रात्री ज्या गादीवर झोपायचं त्याच गादीवर दिवसभर अभ्यास नको. जागा एकच असेल तर गादी गुंडाळून ठेवा, सतरंजी टाकून अभ्यास, गादी उलगडली की झोपच. पलंगावर लोळून पुस्तक वाचायची सवय लागली की शरीराला कळतच नाही इथे जागायचंय का झोपायचंय.

## ७. फोन

फोन सातव्या पायरीवर का ठेवलाय, तर पहिल्या दिवशी फोन काढून घेतला की भांडण फोनचं होतं, झोप बाजूलाच राहते. आत्तापर्यंत पोराला रात्री थोडी झोप यायला लागलेली असते, त्यामुळे फोन सोडणं सोपं जातं.

एक गोष्ट मला मुलांनीच सांगितली. बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा डेटा रात्री बाराला परत मिळतो, क्लासच्या व्हिडिओत आणि रीलमध्ये दिवसाचा दीड जीबी संपला की पोरं बारा वाजायची वाट बघत जागी राहतात. आणि बाराला डेटा आला की कोण झोपणार? दोन-तीन घरात नुसता घरचा वायफाय घेऊन हा बाराचा प्रकार संपला, तुमच्याकडे कारण हेच आहे का ते आधी विचारून घ्या.

कसं करायचं:

क. जागा ठरवा. स्वयंपाकघरात फ्रिजवर चार्जर, साडेनऊनंतर सगळ्यांचे फोन तिथे. सगळ्यांचे म्हणजे बाबांचा पण. बाबा गादीवर पडून क्रिकेटचे हायलाईट बघणार आणि पोराला उपदेश करणार, हे कुठल्याच घरात चाललेलं मी पाहिलं नाहीये.

ख. "अलार्मसाठी फोन लागतो" हे कारण आधीच काढून टाका. अलार्मचं साधं घड्याळ दोन-तीनशे रुपयात येतं.

ग. क्लासच्या ग्रुपवर साडेदहाला गृहपाठ येतो ही खरी अडचण आहे. नऊपर्यंत आलेलं उतरवून घ्यायचं, नंतरचं उद्या. क्लासच्या सरांना तीन-चार पालकांनी मिळून सांगितलं तर ऐकतात.

नेहमीची चूक: स्क्रीन पिवळी केली, डार्क मोड लावला म्हणजे झालं असं समजणं. उजेड हा निम्माच प्रश्न, "अजून एक लेव्हल" हा बाकीचा निम्मा.

## ८. आता कुठे झोपायची वेळ

नोंद बघा, हल्ली झोप किती वाजता लागतेय? समजा साडेअकरा. तर आजची आडवं व्हायची वेळ सव्वाअकरा, दहा नाही. तीन रात्री वीसेक मिनिटात झोप लागली तर पंधरा मिनिटं अलीकडे, अकरा. परत तीन रात्री. साडेअकराहून सव्वादहाला यायला पंधरा दिवस जातात, जाऊ द्या. मध्ये एखादी रात्र फसली तर मागे न जाता तिथेच थांबायचं.

## ९. पडूनही झोप येत नसेल तर

साधारण वीस मिनिटं वाटली (घड्याळ बघायचं नाही, घड्याळ बघितलं की "आता पाचच तास उरले" हा हिशोब चालू होतो) तर उठून बसायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, आमच्याकडे नागरिकशास्त्राचं पुस्तक फार उपयोगी पडलं, आणि डोळे जड झाले की परत आडवं. डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर उशाशी कागद-पेन, लिहून टाकायचं. रात्र कितीही वाईट गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच, आणि दुपारी २५ मिनिटंच. ही अट मोडली की परत पहिल्यापासून.

## परीक्षेच्या दिवसात

दहावी बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर अकराला सुरू होतो. शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत रात्री तीनपर्यंत जागणाऱ्याचा मेंदू अकरा वाजता अर्धवट झोपेतच असतो. वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत, त्यामुळे रात्रभर वाचून काढलेला धडा सकाळी निसटतो यात नवल नाही.

आणि आजोबा लोकांचं ते "पहाटे चारला उठ, पाठांतर चांगलं होतं". आजोबा आठला झोपायचे. अकराला झोपून चारला उठलं तर पाच तास होतात आणि कापली जाते ती शेवटच्या टप्प्यातली झोप, जिच्यात स्वप्नं जास्त पडतात आणि जी शिकलेलं मुरवायलाही लागते. चारला उठायचंच असेल तर आठला आडवं होता येतंय का ते बघा, नाहीतर सोडा तो नाद.

## डॉक्टरकडे कधी जायचं

महिनाभर हे नीट करूनही फरक नसेल तर. त्याआधीही, जर रोज मोठ्याने घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल (टॉन्सिल किंवा नाकामागची अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढलेली असू शकते), रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय राहवत नाही म्हणत असेल (लोह कमी आहे का ते तपासतात, मुलींमध्ये विशेष बघा), किंवा साडेआठ तास झोपूनही वर्गात पेंगत असेल. पोरगं गप्प गप्प झालंय, खेळणं-मित्र सोडलेत, झोप उडालीय किंवा दिवसभर नुसतं झोपून असतं, तर तो फक्त झोपेचा प्रश्न नसतो, सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ वर फोन करता येतो, मराठीत बोलतात. जीव नकोसा झाल्यासारखं काही बोललं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

खबरदारी: ऑनलाईन मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्या-गमी, सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध, आजीची झोपेची गोळी "अर्धीच दिली", यातलं काहीही डॉक्टरला न विचारता नको.

## गणपती, दिवाळी, लग्नं

चार-पाच रात्री बिघडणारच, आरत्या-जागरणं सोडून पोराला दहाला झोपवा असं मी म्हणणार नाही. फक्त त्या दिवसांतही उठायची वेळ रोजच्यापेक्षा तासा-दीड तासाच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून तिसरी, चौथी, पाचवी पायरी परत. नोंदीची पेन्सिल मात्र कालनिर्णयला दोऱ्याने बांधूनच ठेवा, आमच्याकडे पहिल्या आठवड्यात तीनदा हरवली.